साक्ष होईपर्यंत

गुणवंत, तुझ्याबद्दल इतरांना सांगायला बसले की तू मधेच दुरुस्त्या करशील, म्हणून सरळ तुलाच सांगते. हरकत घ्यायची असेल तर कोर्टात घे, इथे नको.

तू फौजेतून हवालदार होऊन परतलास तेव्हा कुरखेड्यात सगळ्यांना वाटलं, आता हा एखाद्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहील. तू मिशा पांढऱ्या व्हायला लागल्यावर पोरासोरांत बसून वकिली शिकलास. कायद्याच्या पुस्तकातलं अडलेलं इंग्रजी मी मोठी बहीण म्हणून सोडवून दिलं, आणि तू माझ्याशीच वाद घालायला लागलास.

सनद मिळाल्याबरोबर जाहीर केलंस, अशिलाने खोटं सांगितलं की केस सोडणार. अर्धं गाव तिथूनच परत गेलं. तुझी बायको धुरपता बायाबायांत सांगायची, "आमच्या यायले अशीलच नाई भेटत. खरं बोलणारा मानूस कोर्टात कायले येईन?"

आले ते जंगलातल्या गावांतले. लालसू त्यांच्यातलाच. त्याच्या जमिनीच्या पट्ट्याचं प्रकरण तू लढलास, जिंकलास, फी घेतली नाहीस. त्याला ते सोसेना. जंगल सरकारी असलं तरी मोहाची झाडं त्याच्या गावात घराघरांत वाटलेली. कोणतं कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक, कागदावर काही नाही. लालसूने आपल्या वाटणीचं एक झाड त्या हंगामापुरतं धुरपताला दिलं. "वकीलभाऊ, हे पैसे नोहोत, फूल हाय," म्हणाला. तुला नाही म्हणता आलं नाही.

फुलं पडायला लागली की झाडाखालचा पाला जाळून जागा मोकळी करतात, म्हणजे वेचायला सोपं. तुझ्या पोराने, रोशनने, तेच केलं. फौजेच्या भरतीत तो मैदानी, वैद्यकीय, लेखी, सगळ्यांत पास झालेला. फक्त बोलावणं यायचं होतं. वारा सुटला आणि आग वनखात्याच्या रोपवनात शिरली. गार्डाने गावात विचारलं, झाड कोणाचं? गाव म्हणालं, लालसूचं. खरंच होतं ते. लालसूला धरून नेलं. झाड यंदा दुसऱ्याला दिलंय, हे त्याने तोंडातून काढलं नाही. दिलेल्या वस्तूपायी घेणाऱ्याला अडकवणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी मी तुमच्या ओसरीवरच होते. रोशन खाली बघत म्हणाला, "बाबा, आग मी लावली होती. विझली समजून घरी आलो."

तू म्हणालास, "लालसूनं वकील म्हून मलेच बोलावलं हाय."

"त सोडवा ना त्याले," धुरपता म्हणाली. "पुरावा नाई म्हना अन् सोडवा. पोराचं नाव काऊन घेता?"

"यंदा झाड कोनाकडे होतं, असं साहेबानं इचारलं त?"

"चूप राहा. फौजेत चूप राह्यले नाई शिकवलं का?"

मीही तिच्याच बाजूने बोलले. म्हटलं, आधी पोराला रुजू होऊ दे, मग काय सांगायचं ते जगाला सांग. तू विचारलंस, "तवपर्यंत लालसूनं आत राहाचं?" मला राग आला.

सकाळी रोशनला स्कूटरवर मागे बसवून तू वनखात्याच्या ऑफिसात गेलास. त्याने कबूल केलं, तू जबाब दिलास. लालसू सुटला. गुन्हा रोशनवर लागला आणि भरती पोलीस पडताळणीत अडकली. आता तो माजरीला कोळशाचा ट्रक चालवतो. धुरपता तुला वेळेवर वाढते, पण ताट सरकवून आत जाते, बोलत नाही. आपल्या झाडापायी वकिलाचं घर मोडलं म्हणून लालसू शरमेने फिरकत नाही. तुझ्या बाबतीत कोणाचंच चुकलं नाही, त्यामुळे तुला भांडायलाही कोणी नाही.

रोशन तारखेला कुरखेड्याला येतो, कोर्टासमोरच्या टपरीवर खातो, आणि घर हाकेवर असताना बसस्टँडवरून परत जातो.

एका तारखेच्या आधी तू माझ्याकडे आलास. "बाई, माजरीले जाशीन का? रोशनले सांगजो, तारखेले येते त घरी जेवत जाय."

मी लगेच चपला घातल्या. फाटकापाशी तूच अडवलंस. "थांब. मी त्याच्या केसमधी साक्षीदार आहो. साक्ष झाल्याबिगर आरोपीले निरोप धाडनं बरोबर नाई."

"अरे, जेवणाचा निरोप! वरणभाताने साक्ष फिरते का?"

"फिरत नाई. पन कोनी इचारलं, निरोप धाडला होता का, त मले हो म्हना लागन."

"मग साक्ष कधी?"

"याच तारखेले."

त्या तारखेला जज्जसाहेब रजेवर होते. पुढच्या तारखेला वनखात्याचा माणूस आला नाही. तू धुतलेला कोट घालून बाकावर ताठ बसलेला, रोशन खांबाला टेकून उभा, दोघांची नजर एकाच बंद दारावर. नाव पुकारलंच नाही.

मी माझ्या मनाने गेलेही असते. पण रोशन पहिलं विचारेल, "आत्याबाई, बाबानं धाडलं का?" हो म्हटलं तर तू अडकतोस, नाही म्हटलं तर तो येत नाही.

पुन्हा तारीख पडली आहे. मी अजून माजरीला गेलेले नाही.