बाईंनी घातलेलं कुलूप

“हळू मार गं. मशीन बहिरी न्हाई.”

मी पत्रक टाइप करायला बसले की बाईंचं हे वाक्य पाठीमागून यायचं. त्याआधी त्यांच्या लाकडी पट्टीचं टोक माझ्या मनगटाखाली शिरून मनगट वर उचलायचं. मी दोन बोटांनी टाइप करते. बाईंच्या मते ते टाइपिंग नव्हतं, कोंबडीचं दाणे टिपणं होतं.

लातूरला त्यांची टाइपिंग इन्स्टिट्यूट होती. संगणक आले, इन्स्टिट्यूट बसली, मशिनी भंगारात गेल्या. मग बाई नांदेडला आल्या आणि झेरॉक्सच्या दुकानावर आमच्या संघटनेची एक खोली आहे, तिथं येऊन बसल्या. त्यांना कुणी बोलावलं होतं ते आजवर कळलेलं नाही. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. सदस्य नसतात, पण त्यांच्यावाचून एक कागद बाहेर जात नाही.

एकदा मी लिहिलं, ‘निर्लज्ज, निगरगट्ट, बेमुर्वत प्रशासन’. छापून आलं नुसतं ‘प्रशासन’.

“बाई, माझे तीन शब्द?”

“जागा न्हवती.”

अर्धं पान कोरं होतं.

आमच्याकडं कुणीतरी देऊन टाकलेला एक जुना, विटेएवढा जाड लॅपटॉप होता. त्याला पासवर्ड घातला बाईंनी. त्याचं कारण सांगते.

किनवटकडच्या एका गावात सरकारनं आरोग्य उपकेंद्र बांधलंय. रंग दिलाय, पाटी लावलीय, कुलूपही लावलंय. तिथल्या बाया जीपमध्ये बाळंत होतात. हे मी सभ्य भाषेत लिहून राहिले, कारण दुसरी भाषा बाई खोडायच्या. त्यातल्या तिघी बोलायला तयार झाल्या. साहेब लोकांना आवाज ऐकवा म्हणाल्या, पण नाव सांगू नका आणि आमच्या फोनात काही ठेवू नका. घरची माणसं फोन बघतात. बाईंनी रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतलं, माझ्या फोनातलंही पुसलं आणि कुलूप लावलं.

“पासवर्ड मला तरी सांगा.”

“बायांनी मला सांगितलंय. तुला न्हाई.”

पुढं आमच्या अर्जावर जिल्हा परिषदेत सुनावणीची तारीख लागली, आणि त्याच सुमारास बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भाऊ त्यांना उमरीला घेऊन गेला. वरून सरकारी उत्तर आलं की उपकेंद्र सुरळीत चालू आहे, कुणाची तक्रार नाही. तक्रार लॅपटॉपात होती. बाया पुन्हा सांगायला तयार नव्हत्या. का नव्हत्या, ते रेकॉर्डिंग ऐकलेल्या माणसाला विचारावं लागत नाही.

लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार भाईंनी चालू केला, बंद केला, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली.

“ताई, लॉक डिस्कलाच हाय. कुठंबी लावा, तेच विचारतंय. फॉरमॅट मारायचं म्हणलं तर आतलं समदं जाईल.”

“मग काय करू?”

“ज्यानं टाकला, त्यालाच विचारा की.”

उमरीच्या बसमध्ये मी रागातच होते. तिघींचं बोलणं एकट्या माणसानं आपल्या डोक्यात कोंडून ठेवायचं, ही कुठली पद्धत?

बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा ठेवल्यासारखा. त्यांच्या वहिनी म्हणाल्या, “ऐकू समदं येतंय. बोलायचंच गेलं. पण डोळं वटारायचं काय गेलं न्हाई, बघ.”

लॅपटॉप बघून बाईंनी ओळखल्यासारखी मान हलवली. मी पेन दिला. डाव्या हातानं नुसत्या रेघा उठल्या.

“देवाचं नाव असंल,” वहिनी म्हणाल्या. “विठ्ठल टाक.”

बाईंनी डोळे वटारले.

आणि शब्द कळूनही भागलं नसतं. बाईंचा हात जुन्या मराठी टाइपरायटरवर बसलेला. मनात मराठी म्हणायच्या आणि बोटं ठरल्या जागी पडायची. लॅपटॉपचा तो पहिला काळा पडदा मराठी जाणत नाही, ज्या कळीवर बोट पडलं तिच्यावरचं इंग्रजी अक्षर घेतो. त्यातून तयार झालेला चिवडा बाईंनाही वाचता आला नसता. हे त्यांनीच मला एकदा ऐटीत सांगितलं होतं.

मी म्हणाले, “बाई, नावं सांगणार नाही. नुसते आवाज.”

बाईंनी डाव्या हातानं माझा उजवा हात ओढला आणि आपल्या उजव्या हाताच्या जागी कळींवर ठेवला. बोटं चुकीच्या जागी होती म्हणून चापट मारली. एकेक बोट स्वतः जागेवर बसवलं. मग माझी हनुवटी धरून तोंड भिंतीकडं वळवलं.

“बघू नको म्हणून राहिल्यात,” वहिनी म्हणाल्या.

मी भिंत बघत होते. डावीकडं त्यांची बोटं टकटक चालली होती. मध्येच थांबायची आणि माझं एखादं बोट दाबायची, कधी वरच्या ओळीत सरकवून, कधी तिथंच. पहिल्यांदा मी घाईनं जोरात मारलं, अक्षर दोनदा पडलं. लॅपटॉप नको म्हणाला. पुन्हा चापट. दुसऱ्यांदा मी बोट सैल सोडलं आणि दाबायचं काम त्यांच्यावर सोपवलं.

उघडला.

बाईंनी पहिला आवाज डोळे मिटून पुरता ऐकला. वहिनी चहा ठेवायला म्हणून आत गेल्या, त्या आवाज थांबेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मी तिन्ही रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतली.

सुनावणीत साहेब पहिल्या आवाजाला मोबाइल बघत होते. दुसऱ्याला मोबाइल पालथा ठेवला. तिसऱ्यानंतर कुणी नावं विचारली नाहीत. उपकेंद्राचं कुलूप निघालं, सिस्टर आली. डॉक्टर अजून नाही. त्यासाठी पत्रक काढणार आहोत आणि या वेळी माझे शब्द खोडायला कुणी नाही. त्या सुनावणीनंतर महिन्याभरात बाई गेल्या.

लॅपटॉप आमच्या खोलीत आहे, पुन्हा बंद. फॉरमॅट मारून टाका असं सगळे म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. आत आता अडण्यासारखं काही नाही. तरी कधीतरी मी तो चालू करते. पासवर्डातली उजव्या हाताची अक्षरं मला ओळीनं येतात. डाव्या हाताची बाईंनी बघू दिली नाहीत.