मित्सुएच्या कोठीतले उंदीर

सुमी मांजरीने पहाटे उंबऱ्यावर आणून टाकलेला उंदीर बघून मित्सुएने कपाळावर हात मारला आणि मग खाली बसून त्याला उताणं केलं. घुशीपेक्षा मोठा, अंगावर लांब राठ केस, शेपटी अर्धी काळी आणि टोकाकडे अर्धी पांढरी. म्हणजे हा घरातला चोरटा उंदीर नव्हे. हा अमामी बेटाच्या डोंगरातला लांबकेशी, ज्याला मारू नका म्हणून सरकारने पाट्या लावल्यात तो. आणि तो नव्हेच, ती. पोटावरचे केस चोखून चोखून ओले झाले होते, थानं भरलेली होती.

"अहो," मित्सुएने हाक मारली, "बाळंतीण आहे ही."

तिचा नवरा तोकुहेई ओट्यावर चहा पीत बसला होता. "होती," तो म्हणाला.

"म्हणजे पिल्लं आहेत कुठंतरी."

"असतील. संध्याकाळपर्यंत नसतील. तू हात धू आणि मला भात वाढ."

तोकुहेईचं काही चुकत नव्हतं. ऊस पिकवणाऱ्या माणसाला उंदराचा पुळका कुठून येणार? उंदीर ऊस कुरतडतो, आणि उंदराच्या मागोमाग हाबू येतो. हाबू म्हणजे इथला विषारी साप. तोकुहेईच्या थोरल्या भावाचं बोट त्यानेच घेतलं. या बेटावर लोक मांजर पाळतात ते काही मांडीवर घेऊन कुरवाळायला नाही. मांजरं मोकाट सोडू नका, ती डोंगरातली जनावरं मारतात, असं नगरपालिकेची माणसं दर सभेत सांगून जात. मित्सुए मान डोलवी आणि घरी येऊन खिडकी उघडी ठेवी. मुक्या जनावराला कोंडायचं म्हणजे पाप, असं तिचं म्हणणं. आता त्या खिडकीकडे तिला बघवेना. मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव म्हणतात, पण खेळायला पाठवलं होतं कोणी?

तिने भात वाढला नाही. आपल्या विणायच्या मागावरची रेशमी दोरी काढली, सुमीच्या गळ्यात आणि पोटाखालून बांधली आणि दार उघडलं.

"हे काय आता?" तोकुहेईने विचारलं.

"शिकार मिळाली तिथं मांजर परत जातं. ती पुढं, मी मागं."

"उसाच्या कडेला? गवतात? हाबू काय तुझ्या माहेरचा आहे?"

"तर मग चला काठी घेऊन."

चडफडत का होईना, तो निघाला. पुढे दोरी ताणत मांजर, मागे डोक्याला रुमाल बांधलेली मित्सुए, आणि मांजराच्याही पुढे जाऊन गवत झोडपणारा तोकुहेई. शेजारच्या बायकांनी विचारलं तेव्हा तो ओरडला, "बायकोला वेड लागलंय, दुसरं काही नाही!" सुमीने त्यांना उसापलीकडे नेलं, ओढा ओलांडायला लावला, आणि वादळात आडव्या झालेल्या एका झाडाच्या ढोलीपाशी जाऊन ती दबा धरून बसली. मित्सुएने दोरी नवऱ्याच्या हातात दिली आणि ढोलीत हात घालणार तोच त्याने तिला मागे ओढलं. आधी त्याने काठी घालून पाहिली. मग शिव्या देत स्वतःच हात घातला.

तीन पिल्लं निघाली. डोळे मिटलेली, अंगावर केसांची नुसती सावली, आणि थंडगार. मित्सुएने ती पदराआड घ्यावीत तशी सदऱ्याच्या आत, पोटाशी धरली.

घरी येऊन तिने वन्यप्राणी केंद्रातल्या डॉक्टर कुनिमोतोंना फोन लावला. या बाई तरुण, मुख्य भूमीवरून आलेल्या, पण बेटावरच्या जनावरांसाठी जीव टाकणाऱ्या. फोनवर मित्सुएने आधी सांगून टाकलं, "माझ्या मांजराने मारली. खिडकी मीच उघडी ठेवली होती." पलीकडून डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, ते नंतर बोलू. घाटात दरड कोसळलीय, मला येता येणार नाही. तुम्हालाच करावं लागेल. करणार?"

"म्हणजे काय! करणारच."

"मग ऐका. थंड पिल्लाला दूध पाजायचं नाही, आधी ऊब. दूध पातळ, थेंबाथेंबाने, पिल्लू पालथं धरून. प्रत्येक वेळी ओल्या कापसाने खालून पुसायचं, त्यांना आपलं आपण शी-शू होत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे लळा लावायचा नाही. बोलायचं नाही, कुरवाळायचं नाही. त्यांना परत डोंगरात जायचंय. माणसाला न भिणारा उंदीर डोंगरात टिकत नाही, तो जन्मभर पिंजऱ्यात राहतो."

बोलायचं नाही हे ऐकून तोकुहेईला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. मित्सुएचा आवाज म्हणजे गावाचा भोंगा. माग चालवताना ती गात असे, आणि गात नसली तर भिंतीपलीकडच्या शेजारणीशी भांडत असे.

शेजारच्या बकरीचं दूध पातळ करून आणलं. पहिल्याच दिवशी घात झाला. पाहुण्याला "अजून थोडं, अजून एक घास" करायची मित्सुएची जन्माची सवय. तिघांतलं सगळ्यात जोमदार पिल्लू छान पीत होतं, म्हणून तिने ड्रॉपर जरा दाबला. दूध त्याच्या नाकातून आलं. तासाभराने ते पिल्लू तिच्या तळहातावरच गेलं.

तोकुहेईला वाटलं, आता ही सोडून देईल. ती परसात जाऊन एक लहान खड्डा खणून आली, हात धुतले आणि ड्रॉपर चुलीत टाकला. मग मागापाशी जाऊन तिने टाकाऊ रेशमाचे धागे वेचले आणि त्यांची बारीक, घट्ट वात वळली. वात दुधात बुडवायची आणि पिल्लाच्या ओठाशी धरायची. ते चोखेल तेवढंच त्याच्या पोटात जाणार. आग्रहाला जागाच नाही. तिच्या मागावर चार बोटं कापड विणून झालं की ताणा सैल करून सुईच्या टोकाने एकेक धागा नक्षीवर आणावा लागतो. उभा जन्म तिने ते केलं होतं. घाई करणारी बाई तिथं टिकत नाही. तिच्यातली ती मित्सुए आता कामाला लागली.

राहिली दोन. एक थोरला, एक धाकटा. नावं ठेवायची नाहीत असं तिनेच ठरवलं होतं, तेव्हा थोरला-धाकटा ही नावं नव्हेत असं ती म्हणे. दर दोन तासांनी दूध, कापूस, ऊब. कापड अर्धवट राहिलं, व्यापाऱ्याचे निरोप येऊन गेले. सुमीची खिडकी खिळे ठोकून बंद झाली. सुमी दारं ओरबाडी, रडे, आणि मित्सुए तिच्याशीही बोलत नसे, कारण एकदा तोंड सुटलं की आवरायचं नाही हे तिला ठाऊक होतं. गावात बोलवा उठली की तोकुहेईने बायकोला मारलं म्हणून ती मुकी झालीय. बिचारा तोंड लपवत फिरू लागला.

"अगं, निदान रस्त्यावर तरी माझ्याशी भांड," तो काकुळतीने म्हणाला. "लोक काय काय बोलतात!"

"बोलू द्या," ती कुजबुजली.

पिल्लांनी डोळे उघडले तेव्हा प्रश्न आला ठेवायचं कुठं. घरात सुमी. मग तिला आजेसासऱ्याची कोठी आठवली. परसात चार उंच गुळगुळीत खांबांवर उभी असलेली धान्याची जुनी कोठी, खांब असे की उंदराला चढता येऊ नये.

"माझ्या आज्याने उंदीर बाहेर ठेवायला बांधली," तोकुहेई म्हणाला, "आणि तू आत उंदीर ठेवणार? म्हातारा वरून थुंकेल."

"थुंकू दे. मांजर चढणार नाही, हाबू चढणार नाही. शिडी धरा."

त्याने शिडी धरली. दुसऱ्या दिवशी आतल्या फटींना जाळी मारून दिली, ती कोणी न सांगता. मित्सुएने आत फांद्या उभ्या केल्या, एक पोकळ ओंडका ठेवला. दरड हटली तेव्हा डॉक्टर कुनिमोतो आल्या, पिल्लं तपासली, वजन केलं. केंद्रात जागा नव्हती आणि आता जागा बदलली तर पिल्लं हाय खातील, म्हणून त्यांनी ती तिच्याकडेच ठेवायला सांगितली आणि कागदपत्रांचं आपण बघतो म्हणाल्या. दूध सुटल्यावर डोंगरातलं खाणं सुरू झालं, मुख्यतः सुदाजी नावाच्या रानझाडाची टणक कवचाची फळं. मित्सुए सोललेली द्यायला निघाली होती. डॉक्टरांनी सोललेली देऊ दिली नाहीत. तोकुहेई रोज संध्याकाळी खिसे भरून फळं आणून पायरीवर ओती आणि म्हणे, "पायात टोचली म्हणून उचलली." वर कवच फुटल्याचा आवाज आला की तो खाली शिडीशी उभा राहून ऐके, आणि मित्सुएला दिसलं की लगेच विडी शोधू लागे.

थोरला शहाणा निघाला. मित्सुएची सावली दारात पडली की तो ओंडक्यात गडप. धाकटा मात्र उठून यायचा. मधे तो आजारी पडला होता, पोट फुगलं होतं, आणि तेव्हा कितीतरी दिवस मित्सुएने त्याला सदऱ्यात पोटाशी धरून वाचवला होता. ती एक शब्द बोलली नव्हती. पण लळा काय शब्दांनीच लागतो? तो तिच्या बाहीत शिरे, कोपरापर्यंत चढे आणि तिथे झोपे. मित्सुए तशीच बसून राही, हात न हलवता. तिला ते हवं होतं, हे खोटं कशाला सांगा.

डॉक्टर पुन्हा आल्या आणि हे त्यांनी पाहिलं.

"थोरल्याला सोडू," त्या म्हणाल्या. "याला नाही सोडता येणार, मावशी. हा पहिल्या मांजराकडे असाच जाईल. या बेटावर पूर्वी मांजर नव्हतं, यांच्या रक्तात ती भीती पुरेशी नाही."

"मग?"

"केंद्रात पिंजरा. जगेल, खाईल."

मित्सुएने बाहीवरच्या त्या उबदार गाठीकडे पाहिलं. "याची आई डोंगरातली होती. दुसरं काहीच करता येत नाही?"

डॉक्टर म्हणाल्या, "भीती शिकवता येते. आम्ही करतो कधीकधी. मांजराचा वास आणि त्याच्याबरोबर दचकवणं. पण ते मी करून उपयोग नाही, तो मला आधीच भितो. ते तुम्हालाच करावं लागेल. आणि एकदा करून थांबलात तर उगाच छळ होईल. शेवटपर्यंत नेणार असलात तरच हात घाला."

त्या रात्री मित्सुए जेवली नाही. सकाळी तिने सुमीच्या अंथरुणातली जुनी गोधडी फाडली, तिच्या पट्ट्या दोन्ही हातांना गुंडाळल्या आणि गुळाच्या कढईचं झाकण नि एक लाकडी डाव घेऊन शिडी चढली.

धाकटा नेहमीसारखा आला. पट्टीचा वास घेतला, जरा थबकला, आणि तरी चढू लागला. मित्सुएने डोळे मिटले आणि झाकणावर डाव हाणला.

खाली तोकुहेईच्या हातून शिडी सुटता सुटता राहिली. वर धाकटा भिंतीवर आदळून ओंडक्यात घुसला होता आणि आतून त्याचा बारीक आवाज येत होता. मित्सुए झाकण काखेत धरून खाली उतरली.

"पुरे," तोकुहेई म्हणाला. "राहू दे की आपल्याकडे. मी पिंजरा करून देतो, चांगला मोठा. मला काही तो जड नाही."

"ऊस खातो ना तुमचा?"

"खाऊ दे की. केवढा खाणार?"

नवऱ्याच्या तोंडून हे ऐकून तिचा निश्चय मोडायचा तो उलट पक्का झाला. उंदरांवर चिडणाऱ्या नवऱ्यालाही लळा लागला, तर सगळेच लाड करणार, मग मांजराची आणि मोटारीची त्या पोराला काय भीती वाटणार? दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. धाकटा दर वेळी जरा लांबून बघे, विसरे, आशेने दोन पावलं पुढे येई, आणि झाकण वाजे. एकदा तो तिच्या अगदी जवळ येऊन थांबला, मिशा हलवत. आज नको वाजवायला, असं तिच्या मनात आलं. तिने वाजवलं. मग एक दिवस असा आला की तिचं डोकं दारात दिसताच दोन्ही शेपट्यांची पांढरी टोकं एकदमच ओंडक्यात नाहीशी झाली. ती पायरीवर बसली आणि "झालं" एवढंच म्हणाली.

उसाची तोड सुरू व्हायच्या सुमाराला, एका संध्याकाळी त्यांनी ओंडका दोन्ही तोंडं बांधून डोंगरात नेला, ढोलीच्या त्या आडव्या झाडाच्याही बराच वर, जिथे सुदाजीची जुनी झाडं आहेत. डॉक्टरांनी गाठी सोडल्या. सगळे मागे सरून खाली बसले. थोरला बाहेर पडला आणि वळूनही न बघता खोडावर चढून गेला. धाकटा बाहेर आला, एका मुळावर बसला. वारा त्यांच्याकडून त्याच्याकडे वाहत होता. मित्सुएने त्या दिवशी पट्ट्या बांधल्या नव्हत्या. हात धुतलेले होते, तिच्याच वासाचे.

तो वळला. एक पाऊल तिच्या दिशेने. मग आणखी एक.

झाकण घरी राहिलं होतं. डॉक्टरांनी हळूच तिच्याकडे पाहिलं. तोकुहेई काठी शोधू लागला. मित्सुए उठली, दोन्ही हात वर केले आणि इतक्या आठवड्यांचं कोंडलेलं तोंड उघडलं.

"चालता हो! काळं कर तोंड! पुन्हा दिसलास तर याद राख! माणूस दिसला की पळायचं, मांजर दिसलं की पळायचं, मी दिसले तरी पळायचं, ऐकलंस का रे मेल्या? पळ!"

तो आवाज खालच्या उसापर्यंत गेला असेल. धाकटा उडाला, खोडावरून सरसर वर गेला, फांदीवरून फांदीवर, आणि अंधारत्या पानांत त्याच्या शेपटीचं पांढरं टोक दोनदा दिसून दिसेनासं झालं. ती तरी ओरडतच होती. शेवटी तोकुहेईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "गेला गं. केव्हाच गेला."

घरी आल्यावर तिने आधी सुमीच्या खिडकीचे खिळे हाताने चाचपून पाहिले, सगळे पक्के आहेत ना ते, आणि मग खाली बसून मोठ्याने रडली. सुमी येऊन तिच्या मांडीत बसली, तिला मित्सुएने ढकललं नाही.