न घटलेलं भात

तरुणपणी माझी नोकरी भात मोजायची होती. लोकांना मी तलाठ्याचा माणूस वाटायचो, काहींना रेशनवाला. मी दोन्ही नव्हतो. पालघर स्टेशनजवळ एका खोलीत राहायचं आणि तालुक्यात एकरी किती भात पिकलं ते शोधून काढायचं, एवढंच माझं काम. माझा आकडा ठाण्याला जायचा, जिल्ह्याचा आकडा पुण्याला, आणि सगळ्या जिल्ह्यांची मोट बांधून राज्याचा आकडा दिल्लीला. तिथे म्हणे सगळ्या राज्यांना एका मोठ्या कागदावर एकाखाली एक बसवत. कोण किती पिकवतं, कोण किती कमावतं, कोण पुढे आणि कोण मागे.

तो कागद मला एकदा ठाण्याच्या कचेरीत बघायला मिळाला. आमचं राज्य चांगलं वरच्या रांगेत होतं. मी घाटावरून आलेला, पायात झिजलेल्या चपला, पण छाती फुगली. आपल्या राज्यात मुंबई आहे म्हणून आपण वर आहोत. मुंबईच्या गिरण्या बाजूला काढल्या तर वैतरणेकाठच्या पाड्यावर काय उरतं, हा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तरी विचारला नसता. साहेब म्हणाले, "बघून घ्या, ह्यात तुमचंही भात आहे." पालघरला परतेपर्यंत मी ते वाक्य घोळवत होतो.

त्या वर्षी गणपती गेले आणि पाऊस तुटला. भात पोटरीत, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असताना शेतं कोरडी पडली. साठच्या दशकाचा तो मध्य होता. आमच्याकडे तालुक्यातली थोडीच शेतं चिठ्ठ्या काढल्यासारखी निवडून यायची, आणि ती पूर्ण मुलखाच्या वतीनं उभी राहायची. माझ्याकडे त्यातली दोन आली. एक शिरगावला, खाली समुद्राकडे. दुसरं वैतरणेच्या बाजूला आत, एका पाड्यावर.

पाड्यावरचं शेत एका विधवेचं होतं. घरात ती, तिचा मुलगा आणि सून. सून गरोदर होती, पाचवा संपत आला होता. सासूला मी मावशी म्हणायचो, ती मला भाऊ. पहिल्या फेरीत शेताची पाहणी करून मी ओटीवर बसलो, तेव्हा मुलानं एकच गोष्ट विचारली.

"भाऊ, औंदा रस्त्याचं काम निघंल का? नायतर आमाला गवतावर जावं लागंल."

पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे; ते ठरावीक आण्यांच्या खाली उतरलं तर सरकार त्या गावांत खडी फोडायचं, मातीचं काम काढायचं. काम गावालगत असायचं. ते निघालं तर या घरातलं कुणी पाडा सोडणार नव्हतं, आणि सुनेचं बाळंतपण घरी झालं असतं. नाही निघालं तर तिघांनाही गवतकापणीला लांब जंगलात जावं लागणार होतं. इतकं सरळ होतं ते.

मी म्हणालो, "ते मामलेदार बघतात. माझं काम वेगळं."

अर्धं खरं होतं. मामलेदार कचेरीची मंडळी नजरेनं पीक ठरवत, पण त्यांचा अंदाज ताडून पाहायला माझंच वजन समोर ठेवत. हे मी सांगितलं नाही. असं सांगायचं नाही, असा आमचा नियम होता. लोक पीक लपवतात म्हणे. पण मग गप्प बसावं ना! मला गप्प बसवेना. सून आत चूल फुंकत होती, मावशी माझ्यासमोर उकिडवी बसली होती, आणि मी त्या दोघींना दिल्लीच्या कागदाची गोष्ट सांगितली. तुमच्या या एका गुंठ्यावरून तालुक्याचं ठरणार, तालुक्यावरून जिल्ह्याचं, आणि मग पंजाब, मद्रास, बंगाल या सगळ्यांशी आपली तुलना.

"म्हंजी नंबर लावतात?" मावशीनं विचारलं.

"नंबरच म्हणा."

"आनि आमच्या शेतावरून?"

"तुमच्या शेतावरून."

ती बराच वेळ शेताकडे बघत बसली. मला वाटलं, मी तिचा मान वाढवला.

कापणीच्या दिवशी मी दोरी, खुंट्या आणि काटा घेऊन गेलो. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, बरोबर एक गुंठा आखला. मुलानं तो कापला. पेंढ्या इतक्या हलक्या होत्या की मी एका हातात तीन धरल्या. खळ्यावर झोडपणी झाली, आणि उफणायला मावशीनं सूप घेतलं. नियम असा की वजन होईपर्यंत खळ्यावरून नजर हलवायची नाही. पण सून दारात आली आणि म्हणाली, "भाऊ, चा पिऊन घ्या, निवंल." बिनदुधाचा, गुळाचा चहा. मी गेलो. ओटीवर तिनं मला बसवून घेतलं आणि विचारत राहिली. पंजाब कुठं हाय? तिथं पन भातच करतात का? मद्रासच्या बायका उफनतात कशा? इतकी उत्सुक बाई मला त्या भागात कधी भेटली नव्हती. मीही रंगात येऊन सांगत सुटलो. कुणी आपलं ऐकतंय, याची चटक फार वाईट.

परत आलो तेव्हा रास तयार होती. वजन माझ्या अंदाजापेक्षा खूप जास्त भरलं, जवळजवळ दीडपट. मी दोनदा काटा लावला. मावशी म्हणाली, "बरं हाय ना?" मी म्हणालो, "बरं हाय." नियमाप्रमाणे एक किलो भात राशीच्या वरून थैलीत घेतलं, चिठ्ठी घातली, बाकीची रास त्यांच्या घरात गेली.

ती थैली वाळवण्यासाठी असते. नवं भात ओलं असतं. पुष्कळ दिवस ऊन देऊन पुन्हा वजन करायचं, जी घट येईल ती लिहायची. मी खोलीच्या मागे दोन्ही थैल्या उन्हात ठेवायचो. शिरगावची थैली रीतसर घटली. पाड्याची घटेना. चार दिवस झाले, आठ झाले, काटा जिथल्या तिथे. शेवटी मी ती पंच्यावर ओतली. दाणे दोन रंगांचे होते. थोडेसे फिकट, पोचट, या वर्षीचे. आणि बहुतेक भरलेले, पिवळे पडलेले, चावल्यावर टक्कन फुटणारे. जुनं भात होतं ते, आधीच वाळलेलं. ते घटणार कुठून?

मला सगळं कळलं. चहा का दिला तेही कळलं. मी त्या पंच्यासमोर बसलो आणि मला मावशीचा नाही, स्वतःचा राग आला. मग भीती वाटली, आणि भीतीनं रागाला गिळून टाकलं.

करायचं काय ते पुस्तकात लिहिलेलं होतं. मोजणीचा हा प्रयोग बाद, असं कळवायचं आणि कारण द्यायचं. कारण एकच होतं, मी खळं सोडून चहा प्यायला गेलो. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. तपासणीला येणारे साहेब कडक होते. शिवाय हेही सांगून टाकतो, इतक्या वाईट वर्षात माझ्या तालुक्याचा आकडा बरा दिसत होता आणि ते मला आवडलं होतं. मी शिरगावच्या थैलीची घट उचलली आणि पाड्याच्या थैलीसमोर लिहिली. दोन मिनिटांचं काम. भात पाखरांना टाकलं.

साहेबांनी कागद पाहिला. म्हणाले, "आतल्या बाजूला बरं आलं की हो." मी मान हलवली.

त्या भागातल्या गावांत काम निघालं नाही. पलीकडच्या तालुक्यात निघालं. तिथलं पीक याहून वाईट नव्हतं. एवढंच की तिथे कुणी दिल्लीच्या कागदाची गोष्ट सांगितली नव्हती. संक्रांतीच्या सुमारास मी एकदा पाड्याच्या वाटेला लागलो, सगळं सांगून टाकू म्हणून. अर्ध्या वाटेवर एका माणसानं सांगितलं, तिकडं कोनी नाय आता, समदी गवतावर गेली. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची मला आजही लाज वाटते.

उन्हाळ्यात मला बोईसरला जावं लागलं. तिकडे समुद्राच्या बाजूला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, घिवलीच्या अंगाला ट्रकांची रांग असायची, स्टेशनबाहेर हिंदी बोलणाऱ्या मजुरांची गर्दी. जिल्ह्याचं उत्पन्न आता झपाट्यानं वाढणार, असं कचेरीत सगळे म्हणत होते. रस्त्याच्या कडेला बाया खडीच्या पाट्या वाहत होत्या. त्यांच्यातली एक थांबली आणि तिनं मला हाक मारली. मावशी होती. मी ओळखली नसती, इतकी वाळली होती.

पाटी खाली ठेवून ती माझ्यापाशी आली. मुलगा कुठे विचारलं, तर पुढच्या टोळीत हाय म्हणाली. सुनेचं मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं. गवत कापताना आठव्या महिन्यात कळा लागल्या. जंगलातून रस्त्यापर्यंत आणायला दुपार गेली. रस्त्यावर पोचली तेव्हा पोर पोटातच गेलं होतं, आणि दिवे लागायच्या आत तीही गेली. मावशीचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते, पण त्याचा तिला काय उपयोग!

"भाऊ, एक बोलू? रागावू नका."

"बोला."

"त्या दिवशी तुमी चा पीत व्हतात ना, तवा मी सुपात जुनं भात घातलं. लई हलकं उतरत व्हतं. दिल्लीत आपलं नाव खाली जाईल म्हनून. चुकलं का माजं?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग नंबर कितवा आला आपला?"

मुकादम लांबून ओरडत होता. ती उत्तरासाठी थांबली होती, पदरानं मान पुसत. खरं सांगितलं असतं तर मी मोकळा झालो असतो आणि तिला जन्मभर ते वाहावं लागलं असतं. की हाही माझा भित्रेपणाच? मला अजून ठरवता आलेलं नाही.

"वर आला, मावशी. चांगला वर."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिनं चुंबळ डोक्यावर बसवली, वाकून पाटी उचलली.

"ती असती तर हरखली असती," ती म्हणाली. "तिच्या बाळंतपनाला ठेवलेलं भात व्हतं ते. तिनंच काढून दिलं. बोलली, घाला आय, मी भाऊंना बोलन्यात ठेवते."