समितीचं वाक्य आणि आमचा पेंटर

आमचे हे फलक रंगवतात. सगळी गल्ली यांना पेंटर म्हणते, म्हणून मीही पेंटरच म्हणते. यांचा एक हट्ट आहे. कापड रंगवलं की दारात टांगायचं आणि रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्याला मोठ्याने वाचायला लावायचं. एका दमात वाचता आलं नाही, तर कापड बाद.

आमची मुलगी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. तिने गल्लीगल्लीच्या नळांचे निकाल इंटरनेटवर टाकले होते. तिसऱ्या गल्लीच्या नळात शिसं निघालं, तिने तेही टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सरकारी हुकमाने पानच गायब! म्हणे, 'ही माहिती उपलब्ध नाही.' लोक आपले पाणी भरतच होते.

मग निषेधाची सभा ठरली, समिती झाली. समिती म्हणजे वकीलसाहेब आणि मास्तर. फलकावरच्या एका वाक्यासाठी चार दिवस चार बैठका, आणि त्याही माझ्याच घरात! पेंटर रंग ढवळून बसलेले आणि समितीचा काथ्याकूट चाललेला. 'बंद केलं' नको, वरच्यांना झोंबेल. 'शिसं' तर नकोच, घबराट होईल. शेवटी वाक्य निघालं: 'माहितीच्या मुक्त प्रवाहावरील अनावश्यक निर्बंधांचा फेरविचार व्हावा, ही नम्र विनंती.'

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "वकीलसाहेब, पान त्यांनी बंद केलं, उरलेलं तुम्ही करताय!"

त्यांनी चहा संपवला, दुसरं काय.

पेंटरांनी निमूटपणे रंगवलं आणि टांगलं. सायकलवाला 'निर्बंधां'पर्यंत येऊन थांबला. "बरं, पण झालंय काय?" त्याने ओरडून विचारलं.

मास्तर समजावायला उठले.

"बसा हो तुम्ही!" पेंटर कडाडले. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी दुसरं कापड फाडलं, मुलीला म्हणाले, "पोरी, तुझ्या पानावर काय होतं? तेवढंच सांग."

ती सांगत गेली, हे लिहीत गेले: 'तिसऱ्या गल्लीच्या नळात शिसं आहे. पिऊ नका. हे इंटरनेटवर सांगितलं, तर सरकारने बंद केलं.'

सायकलवाल्याने एका दमात वाचलं. मग हातातला पाना खाली टाकला.

"माझी सून बाळाचं दूध त्याच पाण्यात करते," म्हणाला, आणि तसाच धावत सुटला.

मला तर स्वतःचीच चीड आली. चार दिवस ते लेकरू तेच पाणी पीत होतं, आणि आम्ही समोर बसून कुणाला झोंबणार नाहीत असे शब्द शोधत होतो.