डोक्यावरची पाटी

नव्वदच्या दशकात मी बाळकुमच्या एका वृद्धाश्रमात शरीर सैल सोडायचे व्यायाम शिकवायचे. त्यांच्या जोडीने झोपेच्या गोळ्या हळूहळू कमी करायच्या, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. एका कोळीण आजींना फार घाई होती. गोळीची गुंगी दुपारपर्यंत उतरायची नाही, आणि नातीच्या हळदीत त्यांना गाणी म्हणायची होती.

पाय सैल झाले, हात झाले. मान मात्र ताठच.

"आजी, मान सोडा."

"मान सोरली त पाटी परंल ना, बाय!" त्या हसल्या. जन्मभर त्यांनी डोक्यावर मासळीची पाटी वाहिली होती.

 मला आठवलं, भरलेली पाटी उतरवायला कुणाला तरी हात लावावा लागतो. मी उशाशी उभी राहिले, ती नसलेली पाटी दोन्ही हातांनी उचलली आणि खाली ठेवली. आजींची मान अलगद उशीत टेकली.

त्यानंतर रोज हाक यायची, "ये गो, हात लाव!" गोळी आधी अर्धी झाली, मग बंद.

हळदीच्या सकाळी आजी अबोलीचा गजरा माळून दारातच बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "पाटी आज तुझ्याकरंच ठेव. मी चालले गानी बोलाला."