आमच्या भिंतीवरचा निळा हिमालय

अध्यापक विद्यालयातल्या चित्रकलेच्या मॅडमनी माझं चित्र सगळ्या वर्गासमोर वर धरलं आणि विचारलं, "यात तू कुठे आहेस?" चित्र वाईट नव्हतं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, पायथ्याशी झोपडी आणि झोपडीसमोरून वळसा घेत गेलेली नदी. याच चित्रावर मी शाळेत दर वर्षी बक्षीस घेत आले होते. मी मुकाट्याने जागेवर गेले, झोपडीच्या दारात दोन वेण्यांची एक मुलगी काढली आणि चित्र परत नेऊन दिलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या मुलीचा कागद मागितला.

मॅडमचं म्हणणं असं, की उद्या मुलांच्या हातात रंग देणार असाल तर आधी स्वतः रंगांतून मोकळे व्हा. डोळे मिटा, आत काय चाललंय ते ऐका आणि हाताला येईल तो रंग लावा. निळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, पिवळा म्हणजे आनंद. आमच्या वर्गात एक लग्न झालेली मुलगी होती. तिने अख्खा कागद काळा केला आणि 'माझी सासू' असं सांगितलं. मॅडमनी तो कागद फळ्याशेजारी लावला. मला सासू नव्हती. डोळे मिटून आत ऐकलं तर डब्यातल्या आंबोळ्यांपलीकडे मला काही सापडायचं नाही. या आत्माविष्कार प्रकाराचा खरं सांगायचं तर मला वैताग आला होता.

त्यात मॅडमनी चतुर्थीच्या सुट्टीचं काम दिलं. घरी, चार माणसं बघतील अशा जागी, स्वतःच्या भावना स्वतःच्या रंगांत मांडा, फोटो आणा आणि लोक काय म्हणाले ते वर्गात सांगा. त्याआधी प्रत्येकीने वर्गात उठून आपल्या घरात रंगांचं काय स्थान आहे ते सांगायचं होतं. माझ्याकडे स्वतःच्या भावना नव्हत्या, म्हणून वेळ मारून न्यायला मी थोरल्या काकांच्या सांगितल्या.

आमचं घर कसालपासून थोडं आत. आमच्याकडे गणपती ज्या भिंतीसमोर बसतो ती भिंत दर वर्षी रंगवतात. जुनं चित्र वर्षभर राहतं, चतुर्थी जवळ आली की त्यावर पांढरा हात मारायचा आणि नवीन चित्र काढायचं. वाडीत कोणाकडे मोर, कोणाकडे धबधबा, कोणाकडे कमळातली लक्ष्मी. आमच्याकडे हिमालय. काका एसटीत कंडक्टर होते, कसाल-मालवण रस्त्यावर त्यांची हयात गेली आणि मुंबईच्या पलीकडे त्यांनी पाऊल टाकलेलं नाही. तरी हिमालय त्यांचा. बर्फाची शिखरं, खाली सरोवर आणि सरोवरात हंस. एका वर्षी बाबा सहज म्हणाले की मधलं शिखर भाताच्या पेंढ्या रचून केलेल्या उडवीसारखं दिसतं, तर काका दिवाळीपर्यंत सख्ख्या भावाशी बोलले नाहीत. तेव्हापासून घराचा कायदा ठरला. काकांनी ब्रश खाली ठेवला की सगळ्यांनी भिंतीसमोर येऊन 'बरा झाला' म्हणायचं.

काकी वारली आणि त्यानंतर हिमालय निळा होत गेला. आधी शिखरांवर जरासा, मग उतारांवर, मग हंसही निळे. गेल्या वर्षी तर बर्फ कुठे संपतं आणि आकाश कुठे लागतं ते बोट लावून दाखवावं लागत होतं. आम्ही 'बरा झाला' म्हटलं. घरोघर भजन करत आलेल्या मंडळींनीही म्हटलं, कारण आमच्याकडची उसळ चांगली असते आणि उसळ खाऊन कोणी वाईट बोलत नाही.

वर्गात मी हे सगळं सांगितलं आणि त्याला मॅडमचंच सूत्र लावलं. निळा म्हणजे दुःख. तोंडाने कधी अक्षर न काढणारा माणूस वर्षातून एकदा भिंतीशी बोलतो, वगैरे. बोलता बोलता मलाच भरून आलं. सासूवाली मुलगी रडली. मॅडम म्हणाल्या, एवढा खरा आत्माविष्कार आपण कुठे बघितला नाही, या माणसाला भेटायला हवं. त्या दिवशी घरी आल्यावर मी काकांकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले. त्यांच्या चहात मी साखर जास्त घातली. त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे आईने माझी चांगलीच हजेरी घेतली.

पुढे श्रावण लागला आणि काकांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डाव्यात दुसरा तयार होता, पण डॉक्टर म्हणाले एका वेळी एकच. काळा चष्मा लावून काका पडवीत आरामखुर्चीवर बसून राहिले. धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. म्हणजे या वर्षी भिंतीचं काय, हा प्रश्न आला. बाबांनी माझं नाव सुचवलं. चेडू शिकतंय तर घराला उपयोग होऊ दे, असं त्यांचं म्हणणं. काका एका अटीवर तयार झाले, चित्र हिमालयाचंच हवं. मी म्हटलं, मला माझ्या भावना काढायच्या आहेत. ते म्हणाले, मग त्या हिमालयावर काढ. दोन दिवस आमची याच्यावर जुंपली.

मग काळा चष्मा काढायची परवानगी मिळाली. त्या सकाळी काका उठून माजघरात आले आणि भिंतीसमोर उभे राहिले. जुनं चित्र अजून तसंच होतं.

"ह्या कोणी काढल्यान?" त्यांनी विचारलं.

आई दूध बघायला आत गेली. दूध केव्हाच तापवून झालं होतं. बाबा आढ्याकडे बघत राहिले.

"दादा, तूच," बाबा शेवटी म्हणाले.

काकांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवून चित्र बघितलं, मग डाव्या डोळ्यावर हात ठेवून बघितलं, मग पुन्हा उजव्यावर. जुन्या डोळ्याने बर्फ पांढरं दिसत होतं आणि नव्या डोळ्याने कोणीतरी शाईची दौत सांडल्यासारखं. हळूहळू सगळ्यांच्याच डोक्यात प्रकाश पडला. पांढरा रंग उजळ दिसावा म्हणून आमच्याकडे त्यात नीळ घालतात, कपड्यांना घालतात तीच, चिमूटभर. मोतीबिंदू पिकत गेला तसं काकांना बर्फ पिवळट दिसायला लागलं असणार. ते पांढरं दिसेपर्यंत नीळ घालत गेले. शेवटी शेवटी तर पुडीच्या पुडी ओतत असतील.

मला पहिली आठवण मॅडमची झाली. आता त्यांना सांगायचं काय? दुःख नव्हतं, मोतीबिंदू होता. मी एका अख्ख्या वर्गाला मोतीबिंदूवर रडवलं होतं.

पण काका हसले नाहीत. "इतकी वर्सां एकान पण माका सांगूक नाय," एवढंच ते बोलले, तेही हळू आवाजात. पडवीत जाऊन त्यांनी बाबांना सांगितलं की भिंतीवर पांढरा हात मारा आणि तशीच ठेवा. ब्रशला ते यापुढे हात लावणार नाहीत. आरतीला, भजनाला पुढे बसणार नाहीत, पडवीतून ऐकतील. थोरल्या माणसाशिवाय आरती आणि गणपतीमागे कोरी भिंत, म्हणजे वाडीत पुढच्या चतुर्थीपर्यंत पुरेल एवढा विषय. बाबांनी समजूत घातली, आईने मधुमेह विसरून खीर केली. काका जेवले, पण उठून पुन्हा पडवीत गेले. खरी गोष्ट अशी की ते रुसले नव्हते. रुसले असते तर बरं झालं असतं, रुसव्याची आम्हाला सवय होती. त्यांना आता आमच्या कुठल्याच चांगल्या शब्दावर विश्वास उरला नव्हता.

चतुर्थी दोन दिवसांवर आली. भिंत पांढरी करून झाली होती. मी पांढऱ्यात मिसळायच्या रंगाच्या, म्हणजे स्टेनरच्या बाटल्या आणि ब्रश घेऊन तिच्यासमोर बसले. डोळे मिटले. आणि पहिल्यांदाच आत काहीतरी सापडलं. मला राग आला होता. आईचा, बाबांचा, उसळ खाऊन गोड बोलणाऱ्या भजनी मंडळींचा, पडवीत बसलेल्या काकांचा, आणि त्या निळ्या रंगावर भाषण ठोकणाऱ्या माझा स्वतःचा तर फारच. मी रंगाच्या डब्यात लाल स्टेनरची बाटली अख्खी उपडी केली, त्यात पिवळ्याचा थेंब टाकला आणि वरपासून खालपर्यंत भिंत रंगवून काढली. इतकं बरं वाटलं की काय सांगू. शाळेत मिळालेल्या सगळ्या बक्षिसांनी मिळून तेवढं वाटलं नव्हतं.

आई बाहेर आली आणि भिंत बघून कपाळाला हात लावला. "गणपती काय आगीत बसतलो?" तिने विचारलं. बाबा म्हणाले, हे पुसायला अजून वेळ आहे. मी म्हटलं, पुसणार नाही. आवाज पडवीत गेला असावा, कारण काका उठून आले.

त्यांनी नव्या डोळ्याने भिंत नीट बघून घेतली.

"ह्या काय?"

"राग," मी म्हटलं.

"कोणाचो?"

"सगळ्यांचो. तुमचो पण."

आई मागून खुणा करत होती. मी थांबले नाही. नीळ आम्हाला सगळ्यांना दिसत होती, मी सांगितलं. पण एका उडवीवरून जो माणूस दिवाळीपर्यंत बोलत नाही, त्याला कोण सांगायला जाणार? खरं ऐकायचं असेल तर आपलं तोंड बघून सांगणाऱ्याचा धीर सुटता कामा नये. आमचं चुकलं, पण एकट्या आमचंच नाही चुकलं. घरात काकांशी या सुरात कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. हाताला लागलेला लाल रंग मी लहानपणी फ्रॉकला पुसायचे तसा ओढणीला पुसत राहिले.

काकांनी भिंतीला बोट लावून रंग सुकला का ते बघितलं.

"तुझी काकी सांगी," मग ते म्हणाले. "बाजूक उभी रवी आणि सांगी, पुरे झाली आता नीळ."

निळा म्हणजे दुःख की मोतीबिंदू, मॅडमना आता नक्की काय सांगायचं, ते मला पुन्हा कळेनासं झालं.

काका परत पडवीत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई मोदकाच्या तयारीत आणि बाबा गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीला फळं बांधण्यात असताना मी माजघरात आले, तर काका भिंतीजवळ स्टूल घेऊन बसले होते. डॉक्टरांनी दिलेले पथ्याचे दिवस संपत आले होते, पण संपले नव्हते. त्यांच्या हातात वाटी होती, वाटीत पांढरा रंग होता आणि नीळ नव्हती. माझ्या त्या लालभडक रागात ते खालच्या बाजूला पांढरे पक्षी काढत होते. त्यांनी मला विचारायला हवं होतं, पण मी बाटल्या धुवायला घेतल्या. पक्षी काढून झाल्यावर त्यांनी वाटी मला दिली आणि ते पुन्हा आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

चतुर्थीला गणपती आला, बसला, दुपारची आरती झाली. काका पडवीतूनच टाळ्या वाजवत होते. संध्याकाळी भजनी मंडळी आली. लाल भिंत बघून सगळ्यांच्या पायांनी उंबऱ्यावरच जरा दम घेतला. पण भजनी माणूस अनुभवी असतो. बुवा मांडी घालून बसले, पेटीवर बोटं फिरवली आणि पडवीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हंस बरे झाले हत."

काका दारात येऊन उभे राहिले. "थांबा, बुवा," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "तू सांग गो. खरा सांग. काय दिसतत?"

माझ्या हातात उसळीच्या वाट्यांचं ताट होतं. बाबा माझ्याकडे असे बघत होते, जणू त्यांच्या नजरेनेच माझ्या तोंडून हंस निघणार होते. सगळी वाडी माजघरात बसलेली होती. खरं बोलावं तर सगळ्यांसमोर काकांची फजिती, आणि खोटं बोलावं तर ते परत पडवीत जातील आणि मग कोणीच काही बोलून त्यांना तिथून उठवू शकणार नाही. मला भीती वाटली. मी भिंतीकडे पुन्हा एकदा बघितलं. आखूड मान, फताडी चोच.

"बदकां," मी म्हटलं.

तबल्यावरचा हात थांबला. काकांनी एक डोळा मिटून भिंत बघितली, मग दुसरा मिटून बघितली.

"माका पण दोनय डोळ्यांनी बदकांच दिसतत," ते म्हणाले. "दुसऱ्या डोळ्याचा आपरेशन दिवाळीनंतर आसा. तोपर्यंत तू सांगत रव."

मग वाट काढत ते पुढे आले, बुवांच्या शेजारी बसले आणि त्यांनी टाळ मागून घेतले.