सागाच्या बाकाला रंग

शेजारच्या मालतीकाकू गेले काही दिवस अंगणात एक सागवानी बाक रंगवताना दिसत होत्या. अर्धांगवायूच्या झटक्याने काकांची वाचा गेली होती. ते आता दवाखान्यातून घरी येणार होते आणि त्यांना उघड्यावर बसायला आवडायचं.

रंग म्हणजे पारदर्शक व्हार्निश. त्याचा पहिला हात वाळेचना, बोट लावलं की चिकटायचा. सागाच्या अंगात तेल असतं, ते रंगाला धरू देत नाही. काकूंनी सगळा रंग खरवडून काढला, थिनरच्या फडक्याने लाकूड पुसलं आणि लगेच पातळ हात दिला.

"काकू, सुताराला बोलवू का?" मी कुंपणावरून विचारलं.

"नको गं. नुसतं वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं."

या वेळी रंग बसला. लाकडाच्या रेषा त्याखाली झाकल्या गेल्या नाहीत, उलट उजळल्या. काळजी करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण काळजीला असं कामाला लावणारं माणूस क्वचितच.

काल काका आले. दोघांनी धरून त्यांना बाकावर बसवलं. त्यांनी चांगला हात लाकडावरून बराच वेळ फिरवला. मग काकूंकडे बघत कष्टाने थोडे सरकले आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर थोपटलं.